परदेशी निघालेल्या मुलांसाठी एक दिवस द्या: नाशिकच्या प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय प्राचार्य,
नाशिक जिल्ह्यातील सर्व आयटीआय, तंत्रनिकेतने व नर्सिंग महाविद्यालये

विषय: परदेशात नोकरीला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना शेवटच्या सत्रात एक दिवस मार्गदर्शन मिळण्याबाबत

स.न.वि.वि.

मी सिडकोत राहतो. आखातात बांधकाम कंपन्यांमध्ये अनेक वर्षं टाइमकीपर होतो, आता अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. साइटवरच्या प्रत्येक कामगाराची हजेरी, ओव्हरटाइम आणि कपात टाइमकीपरच्या हाताखालून जाते. त्यामुळे कोण काय समजून तिकडे आला आणि पहिल्या पगाराला त्याच्या हातात काय पडलं, हे मी फार जवळून पाहिलंय. पगाराच्या संध्याकाळी माझ्या टेबलासमोर उभं राहून "साहेब, एवढेच?" असं विचारणाऱ्यांत आपल्याकडची मुलं असायची. दिंडोरीची, सिन्नरची, मालेगावची. कामात ती कुणाला हार जाणारी नव्हती, पण ज्या कागदावर सही करून आली होती, तो कागद त्यांनी कधी वाचलाच नव्हता.

माझी मागणी एवढीच आहे. तुमच्याकडून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना शेवटच्या सत्रात एक पूर्ण दिवस द्या आणि त्या दिवशी त्यांना परदेशातल्या नोकरीचा करार वाचायला शिकवा.

हे तुम्हालाच का सांगतोय? कारण आज त्यांना माहिती देणारे दोघंच आहेत. एक एजंट, ज्याची कमाई मुलगा विमानात बसला की होते. दुसरा सुट्टीवर आलेला गाववाला किंवा नातेवाईक. तो खोटारडा नसतो, पण तो सगळं सांगतही नाही. एका खोलीत आठ जण झोपतो, ४५ अंशांत शटरिंग बांधतो, आई आजारी होती तेव्हा सुट्टी मिळाली नाही, हे तो लग्नाच्या मांडवात कसं सांगेल? तो अत्तराच्या बाटल्या वाटतो, बहिणीसाठी आणलेली चेन दाखवतो, घराच्या स्लॅबचं बोलतो. ऐकणारा पोरगा तेवढंच घेऊन घरी जातो. या दोघांच्या मध्ये एक तिसरा, कुठलाही फायदा नसलेला माणूस हवा. शिक्षकाशिवाय तो दुसरा कोण असणार?

गेल्या वर्षी दिंडोरी तालुक्यातून एक मुलगा वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. फिटर, आयटीआय पास, अंबडमध्ये कंत्राटी कामाला. हातात दुबईच्या एका कंपनीचं ऑफर लेटर, खरं तर व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोची झेरॉक्स. वडील म्हणाले, "दीड हजार दिरहॅम आहेत भाऊ, म्हणजे पस्तीस हजार झाले ना?" तेवीसच्या भावानं गुणाकार बरोबर होता. मी कागद टेबलावर ठेवला आणि पेन्सिलीनं रेघा मारत गेलो. मूळ पगार ८०० दिरहॅम. जेवणाचे ३००. राहिलेले ४०० कशाचे, तर 'अंदाजे ओव्हरटाइम'. अमिरातीच्या कायद्यानं ओव्हरटाइम मूळ पगारावर सव्वापट दरानं मिळतो. ८०० मूळ पगाराचा तासाचा दर साधारण सव्वातीन-साडेतीन दिरहॅम, सव्वापट केला की चारच्या थोडा वर. ४०० दिरहॅम मिळवायला महिन्याला ९५ तासांच्या आसपास जादा काम. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज जवळपास चार तास. आणि त्याच कायद्यात दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त ओव्हरटाइम घेता येत नाही असं लिहिलंय. म्हणजे कंपनी नियमानं वागली तर ते ४०० कधीच मिळणार नाहीत, आणि मिळाले तर नियम मोडून, रोज बारा तास उभं राहून मिळतील.

मग ग्रॅच्युइटी काढून दाखवली. तिकडे पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचा पगार धरतात, तोही मूळ पगार. ८०० वर वर्षाचे ५६० दिरहॅम होतात, दीड हजारावर १,०५० झाले असते. एका आकड्याच्या फोडीमुळे पाच वर्षांत जवळपास अडीच हजार दिरहॅम गेले. मुलगा गप्प होता. वडिलांनी विचारलं, "मग एजंट एक लाख वीस हजार कशाचे मागतोय?"

हा प्रश्न तुमच्या वर्गात विचारला जायला हवा. भारतात परदेशी नोकरभरती १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली येते. परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात, आणि पावती द्यावी लागते. परवाना आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही पाहता येतं, मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे. अमिरातीच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मालकालाच मनाई आहे. पण आपल्याकडे पक्का समज असा की जितके जास्त पैसे भरू, तितकी नोकरी पक्की. लोक बागेवर कर्ज काढतात, मंगळसूत्र गहाण ठेवतात आणि पैसे ज्याला देतात तो बहुतेक वेळा एजंटचा एजंट असतो. त्याच्याकडे ना परवाना, ना पावती. त्या मुलाच्या कागदावर परवाना क्रमांक कुठेच नव्हता. तो त्या कागदावर गेला नाही. जायचंच नाही असं मात्र त्यानं ठरवलेलं नाही, आणि तसं मी सांगितलंही नाही. सौदीच्या अनेक ट्रेडसाठी आता इकडेच कौशल्य चाचणी द्यावी लागते, तिची तो तयारी करतोय.

आपल्या जिल्ह्यातली द्राक्षं युरोपला जातात तेव्हा बागेची नोंदणी होते, नमुना प्रयोगशाळेत जातो, औषधांच्या अंशाचा रिपोर्ट आल्याशिवाय माल हलत नाही. २०१० साली एका रसायनाच्या अंशावरून युरोपनं माल अडवला तेव्हा केवढा हाहाकार झाला, हे निफाड-दिंडोरीच्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्याच घरातला मुलगा परदेशी जाताना त्याचा एकही कागद कुणी तपासत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि तुमच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर कुणी तपासत नाही हे अक्षरशः खरं आहे. ही गोष्ट मी अनेक निदेशकांना सांगितली, बहुतेकांना ती नवीन होती. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआरची, म्हणजे 'परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक' अशी नोंद असते. त्याला सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मंजुरीसाठी करार दाखवावा लागतो आणि प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये अधिक कर, संरक्षण १० लाखांचं. दहावी पास झालं की ही नोंद नसते. आपल्याकडे याचा अर्थ 'आपल्याला कटकट नाही' असा लावतात आणि एजंटही तेच सांगतो. प्रत्यक्षात आयटीआयचा मुलगा त्याच देशात, त्याच साइटवर, त्याच उन्हात काम करतो. फक्त जाण्याआधी त्याचा करार कुठल्याही सरकारी टेबलावर जात नाही, विम्याची सक्ती होत नाही आणि तो कुठे गेला याची नोंदही आपोआप राहत नाही. असे लोक ई-मायग्रेटवर स्वतःहून नोंदणी करू शकतात. हे त्यांना तुम्ही सांगितलं नाही तर कुणी सांगणार नाही.

नर्सिंग महाविद्यालयांनी हे वेगळं लक्षात घ्यावं: पासपोर्ट कुठलाही असो, या १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या नर्सना २०१५ पासून मंजुरी लागते. 'मॅडम, तुमचं ईसीआर नाही, थेट जा' असं कुणी सांगत असेल तर तिथेच थांबायला हवं.

व्हिसाबद्दलचे गैरसमज तर घराघरात आहेत. 'आधी व्हिजिटवर जा, तिकडे नोकरी मिळाली की बदलून घेऊ.' व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पकडलं गेलं तर दंड आणि परत पाठवणी कामगाराची होते, बोलावणारा अनेकदा नामानिराळा राहतो. 'आझाद व्हिसा' नावाचा प्रकार अजून विकला जातो: स्पॉन्सर, म्हणजे व्हिसा काढणारा मालक, नावापुरता, काम वाटेल तिथे. असा व्हिसा कुठल्याच कायद्यात नाही. नावापुरत्या स्पॉन्सरनं दरवर्षी पैसे मागितले आणि दिले नाहीत तर 'हा कामावरून पळाला' अशी तक्रार केली, की माणूस आजारी पडला तरी दवाखान्यात जायला घाबरतो. अशी माणसं मी पाहिलीत. पासपोर्ट कंपनीकडे जमा करायचाच असतो हाही तसाच समज. सौदी, कतार, अमिराती या सगळीकडे मालकानं पासपोर्ट ठेवून घेणं नियमाविरुद्ध आहे. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, आणि ती पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली जाते. प्रेसमधल्या कामगारांची मुलंही तुमच्याकडे शिकत असतील, त्यांना हे सांगा.

कोपा, म्हणजे संगणकाच्या ट्रेडच्या मुलांसाठी आणखी एक. बँकॉकला 'डेटा एंट्री', 'कस्टमर सपोर्ट', पगार डॉलरमध्ये, मुलाखत फोनवर. थायलंडला पर्यटक म्हणून जाणं सोपं असतं, त्यामुळे मुलगा सहज निघतो. तिथून त्याला सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेतात, किंवा थेट कंबोडिया, लाओसला. तिथे बंद आवारात बसवून लोकांना ऑनलाइन लुबाडायला लावतात, नकार दिला तर मारतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ठिकाणांहून सुटलेल्या ५००हून जास्त भारतीयांना परत आणलं. संगणक येणाऱ्या, इंग्रजी थोडं बोलणाऱ्या मुलांनाच ते शोधतात.

आता जर्मनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, सुरुवातीला दहा हजार जणांचं उद्दिष्ट जाहीर झालं. तेव्हापासून गंगापूर रोड, कॉलेज रोडला जर्मनच्या शिकवण्या वाढल्या. ही चांगली गोष्ट आहे. करार सरकारी पातळीवरचा आहे, काम खरं आहे, आखातापेक्षा कायदे कामगाराच्या बाजूचे आहेत. पण करार झाला म्हणजे आपला नंबर लागला, असं मानून मुलं अंबड-सातपूरच्या चालू नोकऱ्या सोडून बसतात. व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही, हे वाक्य वर्गाच्या फळ्यावर लिहा.

'भाषा तिकडे गेल्यावर येईल' हा समज सर्वांत महाग पडतो. नर्सना जर्मनची बी-टू, म्हणजे सहांपैकी चौथी, पातळी लागते. 'गुटेन टाग' म्हणता येणं वेगळं, आणि रात्री दोन वाजता म्हाताऱ्या पेशंटला नेमकं कुठे दुखतंय हे त्याच्या बोलीभाषेतून समजून घेऊन डॉक्टरला फोनवर सांगणं वेगळं. त्याला कित्येक महिने रोजचा अभ्यास लागतो. शिवाय इकडची पदवी तिकडे तपासली जाते. ती पूर्ण मान्य होईपर्यंत मदतनीस म्हणून, कमी पगारावर काम करावं लागतं, पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते. आणि कामाचं स्वरूप! आपल्याकडे पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं हे बहुतेक नातेवाईक नाहीतर मावशी करतात. जर्मनीत ते नर्सचं रोजचं काम आहे, पदवीधर नर्सचंही. त्यात कमीपणा काहीच नाही, मला तर ती सेवा मोठीच वाटते. पण बीएस्सी नर्सिंग केलेली मुलगी हे माहीत नसताना तिकडे पोचते तेव्हा तिला वाटतं, आपल्याला फसवून मोलकरणीचं काम दिलं. फसवलेलं नसतं, सांगितलेलं नसतं. राज्यातल्या नर्सिंग महाविद्यालयांचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकात आहे. ही माहिती पसरवायची सुरुवात नाशकातूनच का होऊ नये?

पगाराचा घोटाळा जर्मनीच्या बाबतीत उलट्या बाजूनं होतो. आखातात आयकर नाही, जर्मनीत आहे. अविवाहित माणसाच्या एकूण पगारातून कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा असं मिळून साधारण ३० ते ४० टक्के कापलं जातं. उरलेल्यातून घरभाडं, थंडीत घर तापवायचा खर्च. बदल्यात दवाखान्याचं बिल येत नाही आणि आजारी पडलं तर मालक सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार देतो. ड्रायव्हरांना मी एवढंच सांगेन की आपलं लायसन्स तिकडे राहायला गेल्यावर सहा महिनेच चालतं, मग परीक्षा. घरच्यांना या सगळ्याचा पत्ता नसतो. युरोचा आकडा ऐकून बापानं गावात हप्त्यावर ट्रॅक्टर घेतलेला असतो, आणि पोरगा तिकडे सेकंडहँड स्वेटर शोधत असतो. म्हणून त्या दिवशी पालकांनाही बोलवा. निम्मे गैरसमज घरात राहणाऱ्यांचे असतात आणि त्यांचं ओझं जाणाऱ्याच्या पाठीवर पडतं.

कॅनडा-इंग्लंडला शिकायला जाणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. इतकंच की 'पार्टटाइम करून फी निघेल' हे गणित जमत नाही. शिकण्याच्या काळात आठवड्याला कॅनडात २४ तास आणि इंग्लंडमध्ये पदवी अभ्यासक्रमांना २० तास, यापलीकडे काम करता येत नाही.

काही गोष्टी लहान दिसतात, पण त्यांनी आयुष्य उलटतं. आखातात खसखस अमली पदार्थात धरतात. दिवाळीला आईनं डब्यात अनारसे बांधून दिले आणि सोबत घरी करायला खसखशीची पुडी ठेवली, तर दुबईच्या विमानतळावर तो गुन्हा होऊ शकतो. खोकल्याची, दुखण्याची काही औषधंही तशीच, चिठ्ठी असली तरी आधी चौकशी करावी लागते. आखाताच्या मेडिकलमध्ये छातीच्या एक्स-रेवर जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचा डाग दिसला तरी माणूस अनफिट ठरतो. म्हणून मेडिकल आधी, एजंटचे पैसे नंतर. राहायच्या जागेबद्दल तर आपली मुलं विचारतच नाहीत. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली, किमान ४५ भारतीय गेले. खोलीत किती जण, बाहेर पडायला जिना किती, हे विचारायची लाज वाटू नये, इतकं तरी आपण शिकवू शकतो.

हे सगळं वाचून 'मग कशाला जायचं?' असं कुणी म्हणू नये. बाहेर जाणं म्हणजे फसवणूकच, हाही गैरसमजच आहे. माझ्याबरोबरच्या कितीतरी माणसांनी तिकडच्या कमाईवर घरं बांधली, भावंडं शिकवली. ती टिकली कारण त्यांना काय मिळणार आणि काय नाही, हे निघतानाच माहीत होतं. आमच्या कॅम्पमधले मल्याळी कामगार यात पुढे असायचे. केरळ सरकारनं १९९६ मध्ये बाहेर गेलेल्या आपल्या लोकांसाठी स्वतंत्र खातं काढलं. जाण्यापूर्वीचं मार्गदर्शन, कागदपत्रांचं साक्षांकन, परतणाऱ्यांसाठी योजना, सगळं ते खातं पाहतं. मल्याळी मुलगा पहिल्याच दिवशी कराराची प्रत मागायचा. आपला मुलगा प्रत मागितली तर मालक रागावेल म्हणून गप्प बसायचा. हिमतीत फरक नव्हता, निघण्याआधी मल्याळी मुलाशी कुणीतरी नीट बोललेलं होतं.

अडचण आली तर दूतावास चुटकीसरशी सोडवेल, हे खरं नाही. दूतावास काहीच करत नाही, हेही नाही. तिकडच्या कोर्टाच्या वर तो जाऊ शकत नाही, पण अडकलेल्याला निवारा, तिकीट, वकील यासाठी २००९ पासून स्वतंत्र कल्याण निधी आहे. तक्रारीसाठी 'मदद' पोर्टल आहे आणि भारतातून १८०० ११ ३०९० हा टोल-फ्री क्रमांक आहे. हे पोर्टल, तो क्रमांक आणि ई-मायग्रेटचं नाव तुमच्या सूचनाफलकावर कायम राहू द्या. परराष्ट्र मंत्रालयाचं जाण्यापूर्वीचं एक दिवसाचं मोफत प्रशिक्षण असतं, त्याचीही माहिती लावा.

त्या एका दिवसाला खर्च फारसा येणार नाही. सकाळी खऱ्या कराराची नावं खोडलेली प्रत प्रत्येकाच्या हातात द्या आणि मी वर केली तशी पगाराची फोड त्यांच्याकडून करून घ्या, गणिताच्या तासाला करतात तशी. मग ई-मायग्रेटवर परवाना शोधायला लावा. दुपारी परत आलेल्या दोन-तीन माणसांना पालकांसमोर बोलू द्या. सिडको, सातपूर, नाशिकरोड, मालेगाव इथे आखातातून, आणि आता जर्मनीतूनही, आलेली माणसं आहेत. बोलावलं तर ती येतील. नर्सिंगच्या मुलींसाठी तिकडे काम केलेली नर्सच बोलवा, माझ्यासारखा पुरुष नको. ज्या विषयावर त्यांना विचारायचं असतं, ते त्या माझ्यासमोर विचारणार नाहीत.

पुढच्या ट्रेड परीक्षेच्या आधी हा दिवस ठेवावा अशी विनंती आहे. कराराच्या नमुन्याच्या प्रती माझ्याकडे आहेत, हिंदीतल्याही. त्यांचं मराठी भाषांतर मी करून देईन, आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर स्वतः येईन. मानधन नको.

आपला विश्वासू,
एक माजी टाइमकीपर, सिडको, नाशिक